उन्हातला पुष्कर

रेवती हट्टी आहे हे तिला ओळखणारं कुणीही सांगेल, आणि न ओळखणाऱ्याला ते पाच मिनिटांत कळतं. सगळं जग फोनवर फोटो काढून विसरून जात असताना ही बाई दिल्लीत, द्वारकेच्या आपल्या फ्लॅटमध्ये जुने स्लाइड प्रोजेक्टर जमवत बसली. बंद पडलेल्या सरकारी संस्थांमधून, कबाड्यांकडून, कुणा निवृत्त प्रोफेसरच्या माळ्यावरून. तिच्या कपाटात साड्या कमी आणि बल्ब जास्त. सोसायटीतल्या बायका तिला आर्टिस्ट म्हणायच्या ते तोंडदेखलं. मागे काय म्हणायच्या ते रेवतीला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याची तिला फिकीर नव्हती.

तिच्या कामाचा एकच नियम होता. मूळ स्लाइड दाखवायची, नक्कल नाही. आता स्लाइड म्हणजे काय, तर पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्मचा एवढासा रंगीत तुकडा. प्रोजेक्टरमध्ये घातला की भिंतभर चित्र होतं. पण तोच दिवा त्या तुकड्याचे रंग खातो. जितकी दाखवाल तितकी फिकी पडते, आणि दिवस दिवस दाखवत राहिलात तर शेवटी भिंतीवर नुसता उजेड उरतो. बाकीचे लोक म्हणून आधी स्कॅन करतात, कॉपी काढतात. रेवती म्हणायची, मग बघायचं कशाला? जे संपणार नाही ते कुणी नीट बघतच नाही. हे ती बडोद्यात म्हणाली, कोचीनला म्हणाली, परदेशातही जाऊन म्हणून आली. लोकांनी माना डोलावल्या. तिचं नाव झालं ते याच एका वाक्यावर, म्हणायला हरकत नाही.

स्लाइड्स मात्र सगळ्या परक्यांच्या. भंगारात मिळालेल्या. कुणाचा सिमल्याचा हनिमून, कुणाच्या कारखान्याचं उद्घाटन. भिंतीवरून ती अनोळखी माणसं हळूहळू पुसली जायची आणि बघणारे डोळे पुसायचे.

"आई, दुसऱ्यांचे फोटो जाळायला तुझं काय जातं गं?" मैत्रेयी एकदा जेवताना म्हणाली. मैत्रेयी म्हणजे रेवतीची लेक, गुरगावला आयटीत, जीभ आजीसारखी धारदार. "अपना कुछ दिखाओ ना. मग मानते."

बोलून ती पोळीकडे वळलीसुद्धा. पण पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. टेबलापलीकडे रेवतीची आई बसली होती, चंद्रप्रभाबाई. वय झालं होतं, पण कान शाबूत होते.

रेवतीकडे स्वतःचं असं एकच होतं.

तिचे वडील, भाऊसाहेब, केंद्र सरकारच्या सर्व्हे खात्यात होते. धरणाच्या जागा, खडक, नद्यांची पात्रं यांच्या स्लाइड्स काढायचं त्यांचं काम. रंगीत फिल्म ऑफिसची, मोजून मिळायची. पण दौऱ्यावरून येताना भाऊसाहेब रोलमधलं शेवटचं चित्र मोकळं ठेवायचे. ते घरासाठी. ऑफिसात शिस्तीचा म्हणून नावाजलेला माणूस, सरकारी मालातली एवढी एकच चोरी करायचा, आणि तीही हळूच हसत. कधी शेवटच्या चित्रात गणपतीची आरास यायची, कधी शेजारच्यांची नवी स्कूटर. अशी चित्रं पुढे ऑफिसच्या डब्यांतच राहून गेली. घरी आलं ते एक.

त्या चित्रात पुष्कर होता, रेवतीचा मोठा भाऊ. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरचं मागचं अंगण, एप्रिलचं ऊन, पहाडगंजच्या मराठी शाळेतून नुकता आलेला पोरगा, पांढरा सदरा उन्हात झगझगतोय. मागे स्वयंपाकघराचा दरवाजा, आत काळाकुट्ट अंधार. आणि पुष्कर कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. मान मागे वळवून त्या अंधाराकडे बघून तोंडभर हसतोय. त्या अंधारात काही नव्हतं. रेवतीने ती स्लाइड कितीदा तरी खिडकीशी धरून पाहिली होती. पोरगा नुसत्या काळोखाकडे बघून हसत होता, आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

त्याच पावसाळ्यात पुष्करला मेंदूज्वर झाला. बघता बघता गेला. रेवती तेव्हा पहिलीत होती. तिला आठवायचं ते एवढंच, की घरातला आवाज गेला. आईने ती स्लाइड डबीत घालून ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि बजावलं, ही काढायची नाही. भाऊसाहेबांनी काढली नाही. आणि आई? आई स्वयंपाक करायची, वेण्या घालायची, पालकसभेला यायची, तापात उशाशी बसायची. कशात कमी नाही. फक्त हसायची नाही. रेवतीने लहानपणी काय काय केलं! नकला केल्या, बक्षिसं आणली, मुद्दाम तोंडाला पीठ फासून समोर उभी राहिली. आई पदराने तोंड पुसून द्यायची आणि कामाला लागायची. बाकीच्यांना वाटायचं, बाई सोशिक आहे. रेवतीला वाटायचं, आपण पुरे पडलो नाही. पन्नाशी उलटली तरी वाटायचं.

भाऊसाहेब गेल्यावर ट्रंक द्वारकेला आली, आणि ती डबी गुपचूप रेवतीच्या कपाटात, बल्बांच्या मागे.

तर लेकीच्या त्या बोलण्यानंतर रेवतीने ठरवलं. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या गल्लीत एका तळघरात गॅलरी होती, तिथे हिवाळ्यात तिचं प्रदर्शन ठरलेलंच होतं. एक खोली, एक प्रोजेक्टर, एक स्लाइड. सकाळी दिवा लागेल तो संध्याकाळी सातलाच बंद होईल, रोज, चित्र संपेपर्यंत. दाराशी वॉचमन मुरलीधर प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवणार. फोटो काढायचा नाही, हीसुद्धा रेवतीचीच अट. आईला सांगायचं नाही, हेही तिनेच ठरवलं. मनात होतं, हे भूत एकदाचं उजेडात जाळून टाकू. सुटेल तोही, सुटू आपणही.

"पुष्करमामाची?" मैत्रेयीचा चेहराच उतरला. "अगं मी मजाक करत होते यार! आई, निदान स्कॅन करून ठेव. एकदाच. किसी को पता नहीं चलेगा."

"मला चलेगा ना पता," रेवती म्हणाली. झालं. ती एकदा अशी बोलली की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

पहिल्या दिवशी पुष्कर भिंतभर उभा राहिला तेव्हा रेवती दोन पावलं मागे सरली. इतकी वर्षं अंधारात राहिलेले रंग काल धुतल्यासारखे ताजे. कोपऱ्यातली तुळस हिरवीगार, गुडघ्यावरची जखम लाल. प्रोजेक्टरचा पंखा घर्रघर्र चालला होता आणि ती दिवसभर बाकावर बसून होती. लोक आले, गेले. एका समीक्षकाने त्या अंधाराकडे बघून हसण्यावर दोन परिच्छेद लिहिले. मृत्यूकडे बघून हसणारं बालपण वगैरे. रेवतीने ते वाचून कागद चुरगळला, पण पोरगा कशाला हसतोय हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ती रोज जायला लागली. द्वारकेहून मेट्रो, बाराखंबाला उतरायचं, चालत गल्लीत. दिवसभर टक लावून बघितल्याचा परिणाम असा झाला, की परतीच्या मेट्रोत डोळे मिटले तरी पुष्कर दिसायचा. पण उलटा: सदरा काळा, चेहरा काळा, आणि मागचा दरवाजा पांढराफटक. डोळे उघडून डब्याच्या काचेकडे पाहिलं तर काचेवरही तोच. घरी बाथरूमच्या टाइल्सवर, फ्रिजच्या दारावर. ती पापण्या मिटमिटायची, तो हळूहळू विरायचा. कशामुळे होतं हे तिला माहीत होतं, दृश्यकला शिकलेली बाई ती. माहीत असल्याने भीती कमी होते, असं मात्र नाही.

आणि मग सदरा जायला लागला.

उन्हातलं आधी जातं. जिथे चित्र मुळातच फिकं, तिथे दिवा आधी पोचतो. पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या गेल्या, मग बटणं, मग खांदा आणि आकाश एक झालं. हे रेवतीने परक्यांच्या स्लाइड्समध्ये शंभरदा पाहिलं होतं. पण परक्यांच्या. हा तिचा भाऊ होता. बंद करावा का हा दिवा? तिचा हात एकदोनदा स्विचपर्यंत गेलासुद्धा. मग बडोदा आठवायचं, कोचीन आठवायचं, आणि हात मागे यायचा.

अशाच एका दुपारी तिला तो हात दिसला. तिचा नव्हे. भिंतीवरचा.

दरवाजाच्या चौकटीवर, त्या काळ्याकुट्ट अंधाराच्या कडेला, चार बोटं होती. बांगड्याही होत्या. रेवती उठून भिंतीजवळ गेली. तिची स्वतःची सावली मध्ये आली आणि सगळं गेलं. बाजूला झाली, तर बोटं तिथेच.

"मुरलीधरजी," तिने हाक मारली, "ये आपको दिख रहा है?"

मुरलीधर आत आला, डोळे बारीक करून बघत राहिला. "कोई औरत है मैडम," तो म्हणाला. "दरवाज़े में. पहले नहीं थी."

पहिल्यापासूनच होती. फिल्मवर ती पहिल्या दिवसापासून उमटलेली होती, फक्त अंधाराच्या जाड थराखाली. दिवा तो थरही खात होता. पोरगा विरघळत होता आणि त्याच्यामागे दरवाजा उघडत होता. दुसऱ्या दिवशी पदर दिसला, मग खांदा. मग चेहऱ्याची बाजू. आणि रेवतीने ओळखलं. आई होती ती. तरणीताठी, केस विस्कटलेले, कमरेवर एक हात, आणि हसत होती. नुसती हसत नव्हती, डोळे वटारून, जीभ बाहेर काढून पोराला वेडावून दाखवत होती आणि स्वतःच हसू फुटून वाकली होती. पुष्कर अंधाराकडे बघून हसतच नव्हता. तो आईकडे बघून हसत होता.

रेवती बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडली. अशी आई होती? हिला जीभ बाहेर काढता यायची?

आणि मग जे झालं ते काही बरं नव्हे, पण झालं. रेवतीला हाव सुटली. आता दिवा बंद केला तर पुष्कर अर्धामुर्धा तरी वाचला असता. चेहरा अजून होता, हसू होतं. पण आईचे डोळे अजून काळोखात होते. ते बघायचे होते तिला. अजून एक दिवस, फक्त एक, असं म्हणत ती रोज यायची, आणि रोज भावाचा थोडा चेहरा देऊन आईचा थोडा चेहरा घेऊन जायची. घरी आल्यावर खरी आई चहाचा कप समोर ठेवायची, आणि रेवती त्या सुरकुतलेल्या तोंडात ती जीभ शोधत बसायची.

"काय बघतेस?" आई विचारायची.

"काही नाही."

मग एका शनिवारी मैत्रेयी गॅलरीत आली. बराच वेळ भिंतीकडे बघत उभी राहिली. पुष्करच्या जागी तोवर उजेडाचा एक उभा डाग होता. नीट पाहिलं तर मानेची रेघ कळायची, हसण्याची एक कोर कळायची. मागे दरवाजात आजी लख्ख.

"आई, एक सांगू?" ती हळू आवाजात म्हणाली. "हे स्कॅनमध्येही दिसलं असतं. अंधारातलं वर काढता येतं. दोन मिनिटांचं काम. मामाला काहीही न होता दोघं दिसली असती."

रेवतीला ते माहीत नव्हतं असं नाही. पण इतके दिवस तिने स्वतःला ते म्हणू दिलं नव्हतं. आयुष्यभर जे तत्त्व म्हणून मिरवलं त्यापायी एक पोरगं दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या खेपेला ज्वराला बोल लावायचीही सोय नव्हती.

मैत्रेयी घरी गेली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिने सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रप्रभाबाई नेसून, शाल घेऊन दारात उभ्या. गुडघे दुखतात म्हणून त्या महिनोन् महिने सोसायटीच्या गेटबाहेर पडल्या नव्हत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "मला दाखव."

दोघी टॅक्सीत बसल्या. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाची पाटी गेली. इथल्या कँटीनमध्ये भाऊसाहेब या दोघींना महिन्यातून एकदा जेवायला आणायचे. आईने तिकडे मान वळवली नाही.

तळघराच्या पायऱ्या मुरलीधरने हात धरून उतरवल्या. आई भिंतीसमोर उभी राहिली. पंखा घर्रघर्र करत होता.

"ही कोण गं?" तिने विचारलं.

"आई, तू आहेस."

आईने पुन्हा पाहिलं. दरवाजातली बाई जीभ काढून तिला वेडावत होती. आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"पुष्कर कुठाय?"

रेवतीने बोटाने तो पांढरा डाग दाखवला. मानेची रेघ दाखवली. दिवा स्लाइड खातो, सदरा आधी गेला, मग मी थांबवायला हवं होतं, पण तू दिसायला लागलीस म्हणून नाही थांबवलं, असं सगळं भडाभडा बोलून टाकलं. काही झाकलं नाही.

"मला बघायला त्याला जाळलंस?" आईचा आवाज चढला. रेवतीने तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. "अगं मी घरात होते की! रोज तुझ्यासमोर होते. मला बघायचं होतं तर माझ्याकडे बघायचंस!"

"तू अशी नव्हतीस पण!" रेवतीही ओरडली. बाहेर मुरलीधरने दार लोटून घेतलं. "तू हसायचीस आई. त्याच्यासाठी हसायचीस. मी काय काय केलं, माझ्यासाठी एकदा तरी? एकदा?"

आई बाकावर बसली. शाल सारखी केली.

"नाही हसले," ती शेवटी म्हणाली. "खरंय. हसू आलं की वाटायचं, तो बघतोय. त्याच्याशिवाय हसले तर त्याला काय वाटेल? तुझं बालपण गेलं त्यात. कळत होतं मला. जमलं नाही गं रेवा."

रेवती उठली. भिंतीवर मानेची ती रेघ अजून होती, हसण्याची कोर होती. तेवढं तरी वाचवू. तत्त्व गेलं खड्ड्यात. तिने प्रोजेक्टरच्या स्विचवर हात ठेवला.

"नको," आई म्हणाली. "राहू दे चालू."

"आई, जाईल तो. उद्यापर्यंत काहीच उरणार नाही."

"कळलं मला, एकदा सांगितलंस ना." आई भिंतीकडेच बघत होती, आणि आता दरवाजातल्या बाईकडे नाही, त्या पांढऱ्या डागाकडे. "अंधाराला घाबरायचा तो. दिवा मालवला की रडायचा. माझा हात धरून झोपायचा. आणि मी त्याला डबीत घालून ट्रंकेच्या तळाशी टाकलं. इतकी वर्षं. कसं टाकलं असेल मी? आता परत अंधारात नको घालूस त्याला. उजेडातच जाऊ दे."

रेवती तिच्या शेजारी बसली. आईने तिचा हात हातात घेतला, आणि दोघी बघत राहिल्या. मान जात होती की डोळ्यांतल्या पाण्याने दिसत नव्हती, ते कळायला मार्ग नव्हता.

दार किलकिलं झालं. मुरलीधर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता.

"मैडम, सात बज गए. लाइट बंद कर दूँ?"

आईची हातावरची पकड घट्ट झाली. रात्रभर दिवा चालला तर सकाळी त्या भिंतीवर काय असेल, हे रेवतीइतकं दिल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिने एकदा त्या उरलेल्या हसण्याकडे पाहिलं.

"रहने दीजिए," ती म्हणाली. "आज जलने दीजिए."